दाताच्या खुर्चीची भीती: गुंगी कोणती, किती आणि कुणाला

‘डॉक्टर, माले भेव वाटस.’ जळगाव-धुळ्याकडच्या दाताच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि लगेच पुढची मागणी येते: भूल देऊनच काढा. अडचण अशी की ‘भूल’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. पहिली म्हणजे दाताभोवतीची जागा सुन्न करणारं इंजेक्शन. माणूस पूर्ण जागा असतो, फक्त ओठ आणि जीभ जड होतात. दुसरी म्हणजे गुंगी. हाक मारली की माणूस डोळे उघडतो, सांगितलं तर तोंडही उघडतो, पण धास्ती ओसरलेली असते. तिसरी म्हणजे पूर्ण भूल. तिथे माणूस बेशुद्ध असतो आणि त्याचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातात असतो.

यातली मधली गोष्ट, गुंगी, आपल्याकडे सगळ्यात कमी समजली जाते. गुंगीचं औषध भीतीवर काम करतं. दाताची कळ त्याने जात नाही, म्हणून गुंगी दिली तरी सुन्न करण्याचं इंजेक्शन द्यावंच लागतं. फरक इतकाच की सुई दिसल्यावर अंग ताठ होत नाही आणि वेळ लवकर सरल्यासारखा वाटतो.

दातांच्या कामात एक पेच आहे जो मोतीबिंदू किंवा हर्नियाच्या ऑपरेशनात नसतो. काम करायची जागा आणि श्वासाची वाट एकच असते. दात कोरणाऱ्या यंत्राचं (एअरोटरचं) पाणी, रक्त, दाताचा तुकडा, कापसाचा बोळा, सगळं घशाच्या तोंडाशी. जागा माणूस गिळतो, खोकतो, ठसकतो, आणि तेवढ्यावर त्याची फुप्फुसं सुरक्षित राहतात. गुंगी जितकी गडद, तितका हा ठसका मंद. त्यात खालची दाढ काढताना डॉक्टरांचा जोर खाली पडतो, हनुवटी मागे ढकलली जाते आणि जीभ घशावर टेकते. म्हणून खुर्चीत द्यायची गुंगी हलकीच असावी. गाढ झोपच लागणार असेल तर नाकातून श्वासनळीत नळी घालून, ऑपरेशन थिएटरमध्ये, रीतसर पूर्ण भूल द्यावी. गाढ झोप आणि मोकळा घसा, म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे, हा प्रकार सगळ्यात धोक्याचा.

आधी इंजेक्शन नीट लागू द्या

पुष्कळांची भीती एका जुन्या दिवसापासून सुरू झालेली असते. गाल सुजलेला, रात्रभर ठणका, सकाळी दवाखान्यात इंजेक्शन घेतलं, तरी दाढ काढताना जीव गेला. तिथे इंजेक्शन खोटं नव्हतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, आणि आम्ल जागेत सुन्न करणाऱ्या औषधाचा फारच थोडा भाग नसेच्या आत शिरू शकतो. त्याशिवाय सुजेमुळे नसा आधीच चेकाळलेल्या असतात. उपाय असा की पू वाहून जाऊ द्यायचा, गरज असेल तर अँटिबायोटिकवर काही दिवस काढायचे, किंवा सुजेपासून दूर, जिथून मूळ नस निघते तिथे औषध द्यायचं. त्या दिवशी हे झालं नसेल तर यावेळी तसं सांगा. ही माहिती डॉक्टरांच्या उपयोगाची आहे.

नेहमीचं औषध म्हणजे 2 टक्के लिग्नोकेन, त्यात 80 हजारांत 1 किंवा 2 लाखांत 1 या प्रमाणात ॲड्रेनालीन. वरच्या दातांना ते दोन-तीन मिनिटांत लागतं. खालच्या दाढांसाठी जबड्याच्या मागच्या बाजूला नसेजवळ द्यावं लागतं आणि ओठाचा अर्धा भाग जड व्हायला पाच ते दहा मिनिटं लागतात. ओठ जड झाला नसेल तर काम सुरू करू देऊ नका, स्पष्ट सांगा. टोचणं कमी दुखावं म्हणून आधी हिरडी कोरडी करून जेल लावतात आणि एक-दोन मिनिटं थांबतात. औषध हळू सोडलं, साधारण मिनिटाला 1 मिलिलिटर, तर ताण कमी येतो. घाईने सोडलं तर सुईपेक्षा औषधच जास्त दुखतं.

इंजेक्शननंतर छातीत धडधडलं की ‘मला इंजेक्शन सोसत नाही, रिॲक्शन येते’ असा शिक्का माणूस स्वतःवर मारून घेतो. बहुतेक वेळा ती औषधातल्या ॲड्रेनालीनची आणि भीतीमुळे शरीरात सुटलेल्या ॲड्रेनालीनची धडधड असते. काही मिनिटांत ती शमते. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार विरळ आहे. खुर्चीत डोळ्यांपुढे अंधारी येणं हाही बहुतेकदा भीतीचाच प्रकार. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं. खुर्ची आडवी करून पाय उंच केले की एक-दोन मिनिटांत माणूस सावरतो. तो उपाशी आला असेल तर हे जास्त होतं, म्हणून नुसतं सुन्न करून काम असेल तर पोटभर नाश्ता करून जा. गुंगी असेल तर याच्या नेमकं उलट, ते पुढे येतंच आहे. या दोन सूचनांची गल्लत रोज होते.

वरचा दात काढला की नजर जाते, ही समजूत अजून घट्ट आहे. दाताची नस आणि डोळ्याने पाहण्याची नस वेगळ्या आहेत, आणि दात काढल्याने दृष्टी कमी होत नाही. काही जणांना गुंगी हवी असते ती या एका समजुतीपायीच. ती निघाली की साधं इंजेक्शन पुरतं. तसंच, डावा हात वर केला की काम थांबेल, असं आधी ठरवून घेतलं आणि डॉक्टरांनी एकदा खरोखर थांबून दाखवलं, तर अर्धी धास्ती तिथेच उतरते. हे फुकट आहे आणि आधी करून पाहण्याजोगं आहे.

नाकावरचा गॅस

एवढं करूनही जमत नसेल तर पहिली पायरी नायट्रस ऑक्साइडची. याचा दातांशी संबंध जुना आहे. 11 डिसेंबर 1844 रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने स्वतः हा गॅस घेऊन आपलीच दाढ काढवून घेतली. पुढच्या वर्षी बोस्टनला लोकांसमोर प्रयोग केला तेव्हा मात्र रुग्ण ओरडला आणि वेल्सची फटफजिती झाली. कारण आज माहीत आहे. हा गॅस इतका सौम्य आहे की सुरक्षित प्रमाणात तो एकट्याने माणसाला पूर्ण बेशुद्ध करू शकत नाही. तेव्हाचा दोष आज गुण ठरला आहे.

पद्धत अशी. नाकावर छोटा मास्क बसवतात. आधी काही मिनिटं फक्त ऑक्सिजन, मग नायट्रस 10 टक्क्यांच्या आसपास सुरू करून मिनिटा-मिनिटाने थोडं थोडं वाढवतात. बहुतेकांना 30 ते 40 टक्क्यांवर हातापायांत मुंग्या, अंग हलकं, आवाज लांबून आल्यासारखा, असं वाटू लागतं. तिथेच थांबायचं. मळमळ, घाम, अकारण रडू किंवा हसू सुरू झालं तर प्रमाण जास्त झालं, लगेच कमी करायचं. काम संपलं की पुन्हा निदान पाच मिनिटं निव्वळ ऑक्सिजन. हा शेवटचा टप्पा गाळला तर रक्तातून भराभर बाहेर येणारा गॅस फुप्फुसातल्या ऑक्सिजनची जागा घेतो आणि डोकं गरगरतं, दुखतं. दातांसाठीच्या मशीनमध्ये ऑक्सिजन 30 टक्क्यांखाली जाऊच शकत नाही, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर संपला तर नायट्रसही आपोआप बंद होतो. आपल्याकडे नायट्रसचा सिलिंडर निळा असतो, ऑक्सिजनचा काळा, वरच्या गळ्याशी पांढरा.

याचा मोठा फायदा म्हणजे तो जितका लवकर चढतो तितकाच लवकर उतरतो. आणि तो फसतो कुठे? जिथे नाकाने श्वास घेतला जात नाही तिथे. सर्दीने नाक चोंदलेलं, नाकामागच्या वाढलेल्या गाठी (ॲडेनॉइड), किंवा तोंडाने हुंदके देत रडणारं मूल. साधारण चार वर्षांच्या पुढचं, सांगितलेलं ऐकणारं मूल असेल तर जमतं. त्याहून लहानाला मास्क दाबून धरण्यात अर्थ नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने, नुकतंच कानाचं किंवा डोळ्यात गॅस भरून केलेलं पडद्याचं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना मोठा आजार, यांत हा गॅस टाळतात. आणखी एक गोष्ट आपल्याकडे विचारायलाच हवी: बी-12. नायट्रस हे जीवनसत्त्व निकामी करतं. धडधाकट माणसाला एखाद्या तासाने काही होत नाही, पण बी-12 आधीच तळाला गेलं असेल तर नसांना इजा होऊ शकते. पिढ्यानपिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत आणि पायांना सतत मुंग्या येणाऱ्यांत आधी रक्त तपासून घेतलेलं बरं.

गोळी आणि सिरप

गोळी सगळ्यात सोपी वाटते, म्हणून तिथेच चुका जास्त होतात. प्रौढांना साधारणपणे अल्प्राझोलम 0.25 ते 0.5 मिलिग्रॅम किंवा डायझेपाम 5 मिलिग्रॅम, कामाच्या तासभर आधी. मूळ अडचण अशी की पोटात गेलेलं औषध कमी-जास्त करता येत नाही. एकाला अर्ध्या तासात डुलकी येते, दुसऱ्याला दीड तासाने. ‘काहीच होत नाहीये’ म्हणून दुसरी गोळी घेतली की थोड्या वेळाने दोन्ही एकदम चढतात. डायझेपाम अर्धंही शरीराबाहेर पडायला 20 ते 50 तास लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही सुस्ती राहू शकते. वय 65 च्या पुढे असेल तर मात्रा निम्मी करतात, कारण रात्री लघवीला उठताना तोल जाऊन खुबा मोडण्याची भीती असते. दारू, ट्रॅमाडॉल, झोपेची दुसरी गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी, यांपैकी काहीही बरोबर नको. दाताच्या संसर्गावर एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर तेही सांगा, त्यांनी मिडाझोलमसारख्या गुंगीच्या औषधाचा असर वाढतो आणि लांबतो. अल्प्राझोलम, डायझेपाम, मिडाझोलम ही औषधं शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. मेडिकलवाल्याला चिठ्ठी पाहून वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. चिठ्ठीशिवाय कुणी देत असेल तर तिथून घेऊ नका.

लहान मुलांना मिडाझोलम तोंडावाटे साधारण किलोमागे 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे 16 किलोच्या मुलाला 8 मिलिग्रॅम. वीस-तीस मिनिटांत चढतं, पाऊण तासात ओसरू लागतं. काही मुलं शांत व्हायच्या ऐवजी आणखी बिथरतात, किंचाळतात. हा औषधाचाच उलटा परिणाम असतो आणि त्यावर आणखी मात्रा देणं चूक. हे औषध घरून पाजून निघायचं नाही, दवाखान्यातच द्यायचं. चोपड्याहून किंवा यावलहून मोटारसायकलवर आईच्या मांडीत गुंगलेलं मूल बसवलं तर त्याची मान छातीवर कलते, हनुवटी टेकते आणि श्वास कोंडतो. मागे बसलेल्या आईला ते झोपलंय असंच वाटतं.

सुन्न करण्याच्या औषधाचाही हिशेब मुलांत ठेवावा लागतो. किलोमागे 4.4 मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर 15 किलोच्या मुलाला 66 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्क्यांचं जेमतेम 3.3 मिलिलिटर. ‘आलोच आहोत एवढ्या लांबून, तर चारही बाजूंच्या दाढा एकदम करून टाका’ ही पालकांची मागणी समजण्यासारखी आहे, पण औषध तेवढं पुरत नाही आणि मर्यादा ओलांडली तर फिटचा झटका येऊ शकतो. गुंगीच्या औषधामुळे त्याची सुरुवातीची लक्षणं झाकली जातात.

शिरेतून

शिरेतून दिलेलं मिडाझोलम जास्त भरवशाचं, कारण थेंबाथेंबाने देता येतं. प्रौढाला आधी 1 ते 2 मिलिग्रॅम हळूहळू, मग दोन-तीन मिनिटं थांबून पाहायचं, मग अर्धा-एक मिलिग्रॅम. वृद्धांत सुरुवातच अर्ध्या मिलिग्रॅमने. पापण्या जड आणि बोलणं सैल झालं की पुरे. घात होतो तो न थांबण्यात. दुसरा घात बाटलीच्या ताकदीत आहे. हे औषध मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम आणि मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम अशा दोन्ही रूपांत मिळतं. नाव तेच, जोर पाचपट. उतारा म्हणून फ्लुमाझेनिल हाताशी असावंच लागतं. ते आधी 0.2 मिलिग्रॅम, मग मिनिटा-मिनिटाने 0.1 असं देतात. पण त्याचा असर तासाभरात ओसरतो आणि माणूस पुन्हा गुंगू शकतो, म्हणून उतारा दिलेल्याला लगेच घरी सोडत नाहीत.

या औषधाने त्या वेळची आठवण पुसली जाते. माणूस नंतर सांगतो की मला पूर्ण झोप लागली होती, प्रत्यक्षात तो सगळा वेळ तोंड उघड म्हटलं की उघडत होता. त्याच कारणाने, काम झाल्यावर त्याला तोंडी दिलेल्या सूचनाही त्याच्या लक्षात राहत नाहीत. त्या सोबतच्या माणसाला, लिहून द्यायला हव्यात. प्रोपोफॉल, केटामाइन ही भुलीची औषधं किंवा एकाहून जास्त औषधं मिसळून द्यायची असतील तर भूलतज्ज्ञ खोलीत हवाच.

गुंगीत दात काढणारा एक आणि श्वासाकडे पाहणारा दुसरा, अशी दोन माणसं लागतात. बोटावरचं ऑक्सिमीटर आवश्यक आहे, पण ते उशिरा बोलतं. बरोबर ऑक्सिजन चालू असेल तर श्वास थांबल्यावरही मिनिटभर किंवा जास्त वेळ आकडा 98-99 दाखवू शकतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र ते लगेच सांगतं. ते नसेल तर छातीवर स्टेथोस्कोप आणि एकटक नजर. घोरणं म्हणजे वाट अर्धी बंद. घोरणं एकदम थांबलं आणि छाती मात्र हलतेय, तर वाट पूर्ण बंद. लगेच हनुवटी पुढे ओढायची. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलीबाळी माहेरी येतात, हाताला मेंदी लागते, तेव्हा एक लक्षात ठेवा: नखांवरच्या गडद मेंदीने आणि नेलपॉलिशने ऑक्सिमीटर चुकू शकतं. एखादं बोट किंवा पायाचा अंगठा मोकळा ठेवावा.

कुणी खुर्चीत गुंगी घेऊ नये

गुटखा, सुपारी, तंबाखूने तोंड आखडलेली तरुण मुलं खानदेशात गावोगाव दिसतात. राज्यात गुटखाबंदी 2012 पासून आहे, पण आखडलेली तोंडं अजून येतच आहेत. आरशासमोर उभं राहून आपलीच तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. शिरत नसतील तर आधीच सांगा. अशा तोंडात गुंगी गडद झाली तर श्वासाची नळी घालायलाच वाट उरत नाही. अशांचं काम साध्या इंजेक्शनवर, नाहीतर थेट मोठ्या रुग्णालयात, जिथे दुर्बिणीने नाकातून नळी घालता येते. मोठ्याने घोरणारे आणि झोपेत श्वास अडकणारे, फार लठ्ठ, टॉन्सिल सुजलेली मुलं, हृदयाचे आणि दम्याचे आटोक्यात नसलेले रुग्ण यांनाही हेच.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वेगळं सांगायला हवं. धडगाव-अक्कलकुव्यापासून शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यापर्यंत भिल्ल, पावरा समाजात हा आजार आहे, आणि 2023 पासून केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीही होते आहे. ज्याला पूर्ण आजार आहे त्याच्या रक्तपेशी ऑक्सिजन घटला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी लागली की विळ्यासारख्या वाकतात आणि असह्य कळा सुरू होतात. म्हणजे तासन्‌तास उपाशी-तहानलेला ठेवणं, एसीत गारठवणं आणि श्वास मंद होऊ देणं, तिन्ही घातक. नुसता वाहक असेल तर काळजी घेऊन काम होतं. कार्ड असेल तर ते बरोबर न्या. तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. किडलेल्या दहा-बारा दातांच्या लहान मुलांना, मतिमंद किंवा स्वमग्न मुलांना पूर्ण भूलच सोयीची पडते. एकदाच भूल देऊन सगळे दात आटोपतात. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे भूलतज्ज्ञांकडे आधी तपासून घेता येतं.

उपास कसा आणि घरी कसं

गोळी, सिरप, शिरेतली गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर पोट रिकामं हवं. साधं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. आईचं दूध चार तास. गाई-म्हशीचं दूध, दुधाचा चहा, केळी, पोहे, भाकरी सहा तास. शेवभाजी, वरणबट्टी, तेलाचा तवंग असलेलं भरीत आठ तास. सकाळी आठचं काम असेल तर रात्री बारानंतर जड काही नाही, आणि सहापर्यंत पाणी पाजत राहा. लोक इथे दोन्ही बाजूंनी चुकतात. कुणी ‘एक केळंच तर आहे’ म्हणून खाऊ घालतो, कुणी रात्रीपासून पाणीही तोडतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पाणी तोडलेलं मूल सकाळी मलूल होऊन येतं आणि शीरही सापडत नाही. उन्हाळ्यात मुलाचा नंबर पहिला लावून मागा. फक्त गॅस असेल तर एवढा उपास लागत नाही, दोन तास आधी हलकं खाणं पुरे. साखरेच्या रुग्णाने गोळी-इन्शुलिनचं आधी विचारून घ्यावं, कारण उपाशीपोटी नेहमीचं इन्शुलिन घेतलं तर साखर घसरते. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, कोणती थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

घरी नेताना एक मोठं माणूस हवंच, मूल असेल तर दोन: एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसून मान सरळ धरायची. स्वतः नीट उभं राहता येतंय, हाक न मारता जाग राहतेय, पाणी पोटात टिकतंय, मगच निघायचं. धडगावकडे जाणाऱ्यांनी घाटातून रात्री निघण्यापेक्षा नंदुरबारला किंवा शहाद्याला पाहुण्यांकडे मुक्काम केलेला चांगला. पुढचे 24 तास मोटारसायकल नको, विहिरीवरची मोटार चालू करायला जाणं नको, कडबाकुट्टीजवळ जाणं नको, बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदावर सही नको. घरी झोपवताना कुशीवर झोपवा. सुन्नपणा उतरायला काही तास लागतात, तोवर गरम चहा देऊ नका आणि मुलाकडे लक्ष ठेवा. ओठ बधिर असताना मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात, आणि संध्याकाळी सुजलेला, फाटलेला ओठ पाहून घरचे समजतात की दाताच्या डॉक्टरांनी इजा केली.